सनरूमकर

नागपुरातल्या कोणत्याही ले-आऊटमध्ये शिरा. तिसऱ्या-चौथ्या गल्लीत एक घर असं सापडतंच, ज्याच्या पश्चिमेच्या अंगाकडे दुपारी बघवत नाही. ऊन काचेवर आपटून समोरच्याच्या डोळ्यांत जातं. समोरचा डोळ्यांवर हात धरतो, मनातल्या मनात काहीतरी बोलतो आणि पुढे जातो. त्या काचेच्या मालकाचं कागदोपत्री आडनाव काय असेल ते असो, कॉलनी त्याला सनरूमकरच म्हणते.

सनरूमकर बहुधा निवृत्त असतो. बँक, वीज मंडळ किंवा पाटबंधारे, यांपैकी एका खात्यात त्याने इमानाने पस्तीस वर्षं काढलेली असतात. पाटबंधाऱ्यातला असेल तर सनरूमची लागण लवकर होते, कारण बांधकामातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज असतो. हा समज मातीच्या धरणाबाबत खराही असतो. मुलगा न्यू जर्सीला असतो, सुनेचं बाळंतपण नेमकं जानेवारीत येतं आणि दोघं नवरा-बायको तिकडे जातात. वहिनी स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत असतात तेव्हा हा मागच्या काचेच्या खोलीत, म्हणजे सनरूममध्ये, बसलेला असतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत स्वेटर काढून ठेवावा अशी ऊब, हातात कॉफी. झाडावर एक खारही असते. नागपूरच्या घरीही दोन-तीन खारी आहेत, पण त्यांच्याकडे त्याने आजवर कधी ढुंकून पाहिलेलं नसतं.

परत येताना त्याच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो कमी आणि त्या खोलीच्या कोपऱ्यांचे, सांध्यांचे, पन्हळींचे फोटो जास्त असतात. टेप लावून मापंही घेतलेली असतात.

आता न्यू जर्सी आहे चाळिसाच्या अक्षांशावर. तिथला हिवाळ्यातला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर चढतो आणि तिरपा होऊन खिडकीतून आत डोकावतो. त्याला आत घेण्यासाठीच ती खोली बांधलेली असते. नागपूर आहे एकविसाव्या अक्षांशावर. इथे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेच्या याच सुमारास नवतपा सुरू होतो. नवतप्यात नागपूरकर दाराला वाळ्याची ताटी लावतो, खिशात कांदा ठेवतो आणि अकरानंतर घराबाहेर पाऊल टाकत नाही. आणि सनरूमकर? तो याच आकाशाखाली काचेचं छप्पर टाकायला निघतो.

त्याच्या घराला आधी एक व्हरांडा असतो. वडिलांनी बांधलेला. वर स्लॅबचा चांगला चार फुटांचा छज्जा, बाजूला विटांची जाळी, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात माठ. उन्हाळ्यात दुपारी कामवाली बाई, पोस्टमन आणि गल्लीतली दोन कुत्री तिथे एकोप्याने टेकलेली असत. हा व्हरांडा पाडला जातो. ‘जागा वाया जाऊन राह्यली होती,’ असं कारण तो देतो.

मग फॅब्रिकेटर येतो. सनरूमकराची खरी जोडी हीच. फॅब्रिकेटर वयाने तिशीतला, त्याच्या कानात पेन्सिल आणि तोंडात खर्रा. तो कोणत्याच गोष्टीला नाही म्हणत नाही.

‘वर काच टाकली तर गरम नाही होणार ना रे?’

‘नाही जी काकाजी. बारा एमएम टफन टाकून देतो. हत्ती नाचला तरी काही नाही होत.’

हत्तीचा प्रश्न निकालात निघाल्यामुळे उन्हाचाही निघाला असं सनरूमकर धरून चालतो. काच टफन केली की तिची ताकद वाढते, ऊन अडवायची वृत्ती वाढत नाही, ही बारीकशी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात येत नाही. उन्हातली ऊर्जा अशा साध्या काचेतून बहुतांशी सरळ आत येते. आतली फरशी, खुर्च्या आणि सनरूमकर तापले की त्यांच्यातून निघणारी उष्णता मात्र वेगळ्या जातीची असते, आणि ती काचेतून आरपार बाहेर जाऊ शकत नाही. तापलेल्या हवेला वर निघून जायलाही वाट नसते, कारण सांधे न सांधे सिलिकॉन मारून बंद केलेला असतो. ‘धूळ नको,’ म्हणून.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने एकदा हिशेब मांडला होता. खोली दहा बाय बारा, म्हणजे छप्पर सुमारे अकरा चौरस मीटर. मेच्या दुपारी चौरस मीटरवर ढोबळ एक किलोवॅट ऊन पडतं. त्यातलं तीन चतुर्थांश आत शिरलं तरी आठ किलोवॅट. ‘काका, बंद खोलीत एक-एक किलोवॅटच्या आठ शेगड्या पेटवून मधात बसल्यासारखं आहे हे.’ सनरूमकर म्हणाला, दीड टनाचा एसी लावू. पोरगं म्हणालं, तो तासन्‌तास चालवला तरी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, उरलेल्या पावणेतीनचं काय? सनरूमकराने त्या पोराला ‘प्रॅक्टिकल नॉलेज नाही’ असा शेरा दिला आणि त्याच्या वडिलांकडे तक्रार केली.

उद्घाटन मात्र डिसेंबरात होतं आणि ते खरोखर बघण्यासारखं असतं. इथे मला सनरूमकराची बाजू घेतलीच पाहिजे. विदर्भाबाहेरच्यांना वाटतं नागपुरात बारा महिने उन्हाळा. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ही तारीख सनरूमकराला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते. थंडीच्या सकाळी त्या खोलीत बसावं, समोर तर्रीपोहे असावेत, पाठीवर ऊन असावं. जगात यापेक्षा सुखाची जागा नाही. पाहुणे वाहवा करतात. दोघं-तिघं फॅब्रिकेटरचा नंबरही घेतात. सनरूम अशीच पसरते.

फेब्रुवारी सरतो. मार्चमध्ये सनरूमकर सकाळी नवाच्या आत तिथून उठतो. एप्रिलमध्ये सातच्या आत. वेताच्या सोफ्यावरच्या गाद्यांचा रंग उडतो, न्यू जर्सीहून आणलेल्या सुगंधी मेणबत्त्या सपशेल आडव्या होतात, ऑर्किडं पहिल्याच आठवड्यात जातात. त्यांच्या जागी निवडुंग येतो. मग तो निवडुंगसुद्धा पिवळा पडतो.

आता दुरुस्त्या सुरू होतात, पण सनरूमकर त्यांना दुरुस्त्या म्हणत नाही. तो म्हणतो, ‘अपग्रेड करून राह्यलो.’ पहिल्यांदा काचेवर काळी फिल्म येते. मग आतून पडदे. पडद्यांनी फारसं साधत नाही, कारण काच ओलांडून आत आलेलं ऊन पडद्याला तापवतं आणि पडदा खोलीला. सावली हवी ती काचेच्या बाहेर. हे नागपुरातल्या ट्रॅफिक सिग्नललासुद्धा कळतं, उन्हाळ्यात चौकाचौकांत थांबणाऱ्या दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर हिरवी जाळी उगाच बांधत नाहीत. एसीचं बिल पाहून वहिनी तो बंद करायला लावतात. मग डेझर्ट कूलर येतो. बंद खोलीत कूलर लावला की ओल बाहेर जात नाही आणि तासाभरात मुंबईच्या लोकलमध्ये उभं असल्याचा अनुभव येतो. फॅब्रिकेटरला फोन जातो. ‘काही टेन्शन नका घेऊ काकाजी, एक्झॉस्ट टाकून देऊ ना.’ टफन केलेली काच नंतर कापता येत नाही म्हणून एक अख्खी काच काढून तिथे पत्रा बसतो.

मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासून सांगितलं, सेन्सर बिघडला होता. आमच्या कॉलनीत हा खुलासा कोणाला पटला नाही. ते केंद्र कोणाच्या घरी बसवलं असेल, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात छपरावर हिरवी जाळी चढते. तिसऱ्या उन्हाळ्यात जाळीवर वाळ्याच्या ताट्या, पश्चिमेला बांबूची चटई, आणि आतून थर्माकोल. आता खोलीत ऊन येत नाही. उजेडही येत नाही. भर दुपारी बारा वाजता सनरूममध्ये ट्यूबलाइट लावून पेपर वाचणारा माणूस मी याच डोळ्यांनी पाहिला आहे. सगळा खर्च मोजला तर वडिलांच्या व्हरांड्यासारखे चार व्हरांडे झाले असते, आणि माठ वेगळा.

पण या माणसाला हसून मोकळं होणंही बरोबर नाही. हिंजवडीपासून गुरुग्रामपर्यंत मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी पायापासून माथ्यापर्यंत काचेच्या इमारती उभ्या केल्या आहेत आणि दिवसा पडदे ओढून, दिवे लावून, एसी फुल ठेवून आत लोक काम करत आहेत. ल कॉर्ब्युझिए युरोपातून आला, पण चंदीगडचं ऊन पाहून त्याने सरकारी इमारतींच्या खिडक्यांपुढे काँक्रीटच्या खोल चौकटी उभ्या केल्या. लॉरी बेकर इंग्लंडचा, त्याने केरळात विटांच्या जाळ्या बांधल्या. परक्यांना आपलं ऊन कळलं. आपल्याला परक्यांची काच आवडली. त्यातही सनरूमकराने निदान स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून हौस केली.

शिवाय तो हार मानत नाही. ‘कशी आहे सनरूम?’ असं मेमध्ये कोणी विचारलंच तर तो शांतपणे म्हणतो, ‘तुम्ही डिसेंबरात या ना.’

या सगळ्या कथेत शहाणपण दाखवलं ते वहिनींनी. त्या न्यू जर्सीच्या खोलीकडे फिरकल्या नव्हत्या आणि इथल्या खोलीबद्दलही एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी चौथ्या मार्चमध्ये फक्त ताट्या, चटई, थर्माकोल आणि नवऱ्याची आरामखुर्ची, एवढं सगळं बाहेर काढलं आणि आत स्वच्छ धुतलेली धोतरं अंथरली. कुरोड्या, सरगुंडे, मुंगवड्या, साबुदाण्याचे पापड. कावळा नाही, धूळ नाही, आंधी आली म्हणून धावाधाव नाही. गच्चीवर दोन दिवस घेणारा पापड इथे एका दुपारीत खडखडीत वाळतो. पहिल्या वर्षी शेजारणी बघायला आल्या, दुसऱ्या वर्षी परात घेऊनच आल्या. आता वहिनींकडे वही आहे, वार ठरलेले आहेत आणि किलोमागे दर आहे. सनरूमकर संध्याकाळी कुरोड्या उलथवतो आणि आल्यागेल्याला सांगतो की मूळ डिझाइनमध्येच ही सोय त्याने विचारात घेतली होती.

तुमचं वाळवण घालायचं असेल तर होळीच्या आधी नाव लिहून ठेवा. एप्रिलमधले सगळे वार गेलेले आहेत.