उतरून चढण्याचे शास्त्र

पायथ्यापासून माथ्याकडे जाणे म्हणजे गिर्यारोहण, ही सर्वमान्य व्याख्या इंदूरच्या मराठी मित्रमंडळास लागू पडत नाही. कारण माळव्याचे पठार हाच विंध्याचा माथा असल्याने, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरांवर जन्मतःच पोहोचलेल्या इंदूरकरास डोंगर पाहायचा तर आधी खाली उतरावे लागते. अगस्त्य मुनींपुढे वाकलेला विंध्य अद्याप उठलेला नाही, या पुराणकथेवर इंदुरात म्हणूनच कोणी शंका घेत नाही.

कोजागिरीचे दूध आटले आणि दिवाळीच्या फराळास अवकाश उरला, की या भुकेल्या संधिकाळात मंडळ तीन दिवसांच्या पदभ्रमणास निघते. महूनजीकच्या पातालपाणी धबधब्यापासून घाट उतरून कालाकुंड, तेथून चोरल नदीचे खोरे आणि अखेरीस जानापावचा डोंगर, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

या शास्त्रातील मध्यवर्ती वस्तू म्हणजे पिट्टू, अर्थात पाठीवरील थैला. त्याच्या तळाशी पांघरूण, त्यावर रतलामी शेव, त्यावर लसणाची शेव, त्यावर कोणी लसूण न खाणारा निघालाच तर साधी शेव, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात, आतील औषधे घरी काढून ठेवून, जिरावन भरलेले आढळते. जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरण्याचा आंबट-तिखट मसाला. त्यावाचून इंदूरकरास उजाडल्याची खात्री पटत नाही. डब्याचे झाकण पहिल्याच उतारावर सैल होते, मसाला पांघरुणात उतरतो आणि रात्रभर तंबूतून शिंकांखेरीज काही ऐकू येत नाही. वन्य प्राणी फिरकत नाहीत, हा त्याचा आनुषंगिक लाभ. पाण्याची बाटली मात्र ‘भिया आणेल’ या भरवशावर घरीच राहते. भिया म्हणजे भाऊ. तो नेमका कोण, हे कधीही ठरलेले नसते.

घाट उतरताना ओझे कमी व्हावे, अशी अपेक्षा असते. परंतु कालाकुंड स्थानक, जेथे पातालपाणीहून मीटरगेजवरील वारसा रेल्वे 2018 पासून येऊ लागली, ते कलाकंदासाठी प्रसिद्ध असल्याने येथे ओझे वाढते.

स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या शहराचा हा नागरिक घरी ओला आणि सुका कचरा चुकूनही एकत्र करीत नाही. दरीच्या काठी मात्र कचरागाडीचे गाणे ऐकू येत नसल्याने त्याचे वर्गीकरणाचे ज्ञान तात्पुरते लोप पावते आणि शेवेची रिकामी पाकिटे चोरलच्या पाण्यात एकत्रच वाहू लागतात.

तिसऱ्या दिवशी, टाचांवरील फोड सांभाळीत मंडळ जानापाव चढते. हा डोंगर परशुरामाचे जन्मस्थान मानला जातो, चंबळ येथेच उगम पावते आणि कार्तिकी पौर्णिमेस येथे जत्रा भरते. माथ्यावर पोहोचताच विजयाची छायाचित्रे घेण्यासाठी मंडळ रांगेत उभे राहते आणि त्या छायाचित्रांत मागे, त्याच सकाळी इंदुरातून निघून आलेली आजी सतरंजीवर पोहे वाढताना दिसते. जानापावच्या मंदिरापर्यंत गाडीरस्ता आहे.