फोर-बाय-फोर घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

(फक्त नवशिक्यांसाठी. ज्यांच्याकडे अशी गाडी आधीपासून आहे त्यांना मार्गदर्शनाची वेळ टळून गेली. त्यांनी वर्कशॉपला फोन लावावा.)

सुरुवात गाडीच्या प्रेमात पडण्यापासून करावी. यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. रीलमध्ये थार नदीतून उसळत बाहेर येते, ड्रोन वर जातो, ढोल वाजतात, आणि तुमचं काम झालेलं असतं. तीच थार दुसऱ्या दिवशी कुठे होती, हे मात्र कोणी दाखवत नाही. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल तपासावं लागतं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं आणि बदलायचं. तेल बदलण्याच्या दृश्याला ढोल लावायची प्रथा अजून पडलेली नाही.

यानंतर आकडे पाठ करावेत. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७०० मिलिमीटर. जमिनीपासूनची उंची थारची २२६, जिम्नीची २१०. ऑफिसात चहाच्या वेळी हे आकडे फार कामाला येतात. गाडीचा बहुतेक जन्म मात्र सिग्नल, सोसायटीचा रॅम्प आणि मुंबई-गोवा महामार्ग यांवर जाणार आहे. यातला महामार्ग रस्त्यात धरायचा की ऑफ-रोडमध्ये, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

ब्रोशरमध्ये न छापलेला एक आकडा तुम्हाला स्वतः मिळवायचा आहे: बिघडलेली गाडी वर्कशॉपमध्ये किती दिवस उभी राहते? ही गाडी कधी बिघडतच नाही, असं सांगणाऱ्या माणसाने ती कधी दगडांवर नेलेलीच नाही. दगडांवर नेली की बुश जाणार, बॉल जॉइंट वाजणार, सील गळणार. ती दुरुस्त होऊन मंगळवारी दारात येते की दिवाळीला, एवढंच आधी शोधून काढायचं.

त्यासाठी शोरूमच्या आधी वर्कशॉप गाठा. शोरूममध्ये एसी असतो, कॉफी मिळते, ‘सर’ म्हणतात. तिथे नंतर जायचंच आहे. शनिवारी सकाळी गाड्या सोडायला गर्दी होते तेव्हा वर्कशॉपच्या दारात उभं राहा. पुढच्या गाड्यांकडे बघू नका, त्या धुऊन ठेवलेल्या असतात. मागच्या भिंतीलगतच्या गाड्या बघा. बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ असेल आणि गाडीचं पासिंग यंदाचंच असेल, तर ती पार्टची वाट बघतेय. वेटिंग रूममध्ये जाऊन ‘कसली वाट बघताय, काका?’ एवढं विचारा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

मग पार्ट्स काउंटर. आधी क्लच प्लेट, पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि लोअर आर्मचे बुश यांची किंमत विचारा. मग ट्रान्स्फर केसचं ऑइल सील विचारा. पहिल्या तिघांना काउंटरवाल्याने न बघता किंमत सांगितली आणि चौथ्याला ‘कशाचं?’ म्हणाला, तर समजा की इथे फोर-बाय-फोर विकल्या जातात, उघडल्या जात नाहीत. तोच प्रश्न फ्लोअरवरच्या सुपरवायझरला विचारून बघा. तो म्हणाला, ‘त्याला आपला एक पोरगा आहे, तो आज सुट्टीवर आहे,’ तर निराश होऊ नका. एक तरी आहे. त्याचं नाव लिहून घ्या.

आता थोडा इतिहास, कारण नवशिक्याला आजोबांच्या जीपच्या गोष्टी ऐकाव्या लागतातच. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. त्या जातीची गाडी कुठल्याही गावात, कुठल्याही झाडाखाली, पान्हा आणि हातोडी असलेल्या कुठल्याही मिस्त्रीने उघडून पुन्हा जोडली, हे खरं आहे. तिच्या नातवंडांना मात्र हातोडी चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर वाढले, आणि झाडाखालच्या मिस्त्रीला आधी स्कॅनर लागतो. डिझेल गाडीला धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात पळवावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर नेली की तो काजळीने तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हिमालयासाठी घेतलेली गाडी कोथरूड ते डेक्कन करून आजारी पडते. तुमचं रोजचं अंतर तेवढंच असेल तर निमूट पेट्रोल घ्या. मित्र हसतील. हसू द्या.

म्हणून गाडी बघताना तिचं कुळ विचारायचं. रूपावर जायचं नाही, हा स्थळं बघणाऱ्या मावशींचा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन सियाझ आणि जुन्या अर्टिगात फिरलेलं आहे. मारुतीची सर्व्हिस केंद्रं देशात ५,०००हून अधिक; तेव्हा इंजिन तालुक्याच्या गावीही ओळखीचं. पुढच्या अॅक्सलची आणि लो रेंजची चौकशी मात्र वेगळी करायची, कारण अर्टिगाला ते नसतं. थारचं २.२ डिझेल त्याच एमहॉक घराण्यातलं, जे स्कॉर्पिओने वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत नेलं. गुरखाचं प्रकरण गमतीचं. डीलर मोजके, म्हणून लोक बिचकतात. पण तिचं मर्सिडीजच्या वंशातलं २.६ लिटर डिझेल फोर्सच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही आहे. तुमच्या गावात वऱ्हाडाच्या ट्रॅव्हलर सांभाळणारा मिस्त्री असेल, तर निदान इंजिनापुरता तुमचा डीलर एसटी स्टँडच्या मागेच आहे. पुढच्या-मागच्या डिफरन्शियल लॉकचं काम मात्र त्याला सांगू नका. तो नाही म्हणणार नाही, हीच भीती.

पहिल्या लॉटची गाडी घेण्याची हौस असेल तर एक नोंद वाचून घ्या. नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने आधीच्या सप्टेंबर ते डिसेंबरात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट तपासायला परत बोलावल्या. यात कंपनीची बदनामी नाही. चूक जाहीर करून बोलावणं हे गप्प बसण्यापेक्षा चांगलंच. पण नव्या मॉडेलचे पहिले ग्राहक हे पगार न मिळणारे परीक्षक असतात. सोसायटीत पहिली गाडी आपली असावी, या इच्छेची किंमत ऑन-रोड किमतीत धरलेली नसते.

दुसरी नोंद फोर्डची. एंडेव्हर ही दणकट गाडी, मालक तिच्यावर जीव टाकतात. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट देत राहू, असंही सांगितलं. तरीही गाडी तीच, चेसी तीच, आणि एका घोषणेनंतर मालकांच्या गप्पा चढाईवरून पार्टवर आल्या. कंपनी देशात टिकेल का, हे सेल्समनला विचारण्यात अर्थ नाही. तो स्वतः इथे महिनाअखेरपर्यंत आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं.

टेस्ट ड्राइव्हला सेल्सवाल्या मुलाला गाडी फोर-लोमध्ये टाकायला सांगा. गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला आणून मग लिव्हर सरकवायचा असतो. त्याने इकडेतिकडे बघून मोबाइल काढला तर ओरडू नका, शिकतोय बिचारा. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून ‘बघा सर, काय ग्रिप आहे’ म्हणत तो गोल वळवू लागला, तर मात्र थांबवा. अशा बहुतेक गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, घसरायला माती नसली की सगळा ताण गिअरांवर येतो. ही डेमो गाडी पुढे ‘फक्त डेमोला चाललेली’ म्हणून स्वस्तात विकतील. ती घेऊ नका.

वॉरंटीचं पुस्तक घरी नेऊन वाचा, विशेषतः बारीक अक्षर. डोंगर चढणाऱ्या गाडीच्या वॉरंटीत शर्यत आणि गैरवापर वगळलेले असतात, आणि तुमची चढाई त्यात बसते का, हे ठरवणारा माणूस बहुतेकदा एसीत बसलेला असतो. ती जाहिरातीत केलेली चढाईच होती, हा युक्तिवाद सुचेल. लेखी करून बघा. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, पण कुठूनही घेतलात तरी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्या, कारण इंजिनाने पाणी ओढलं तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते. अॅक्सेसरीजचं पॅकेज पुढे येईल. त्यातला लोखंडी बुलबार नाकारा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. गाडी उचलायचे किट आणि रुंद टायर लावायचे असतील, तर वॉरंटीवर काय परिणाम होईल हे आधी ई-मेलवर विचारा. तोंडी उत्तर ‘काही नाही होत हो’ असंच येतं.

पुढेमागे भांडण व्हायचंच असेल तर ते कागदावर व्हावं. प्रत्येक जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिथे सर्व्हिस अॅडव्हायझरच्या गोड स्वभावाला पुरावा मानत नाहीत.

डिलिव्हरीच्या दिवशी पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढतात. काढू द्या, आईलाही उभं करा. तीन दारांची थार असेल तर मागच्या सीटवर ती कशी चढणार, हे त्याआधीच बघून ठेवलेलं बरं. मग चावी परत करून खाली वाका. टायरवरच्या चार आकडी खुणेत आठवडा आणि वर्ष असतं, ते वाचा. स्टेपनीचंही वाचा. टो हुक टूलकिटमध्ये आहे का बघा, जॅक कुठे आहे ते विचारा, आणि सुट्टीवरून परतलेल्या त्या पोराचा नंबर घ्या.