पिपाणीचा मतदार दाखवा

१,०३,६३२. हा आकडा मी खिशात घेऊन फिरतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघातून अपक्ष बाबू भगरे यांना एवढी मतं पडली. त्यांचं चिन्ह तुतारी. शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे, म्हणजे आपले भगरे सर. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. सर १,१३,१९९ मतांनी निवडून आले, भाजपच्या डॉ. भारती पवार पडल्या, गुलाल उडाला, विषय संपला. अपक्षाच्या तुतारीला लोक पिपाणी म्हणू लागले. माझी अडचण एवढीच आहे की लाखभर माणसांनी पिपाणीचं बटण दाबलं आणि त्यातला एकही मला अजून भेटलेला नाही.

दिंडोरीत बसस्टँडजवळच्या टपरीवर विचारलं, तर उत्तर आलं, "आपल्याकडं नाही हो. ते सगळं निफाडकडं झालं." निफाडला गेलो. "आम्ही शिकलेली माणसं. येवल्याला विचारा." येवल्यानं नांदगावकडं बोट दाखवलं, नांदगावनं चांदवडकडं. चांदवडला एका सद्गृहस्थांनी आवाज खाली आणून सांगितलं, "कळवणच्या डोंगरात झालं ते. गरीब लोक, त्यांना काय कळतंय?" कळवणच्या डोंगरातला माणूस मात्र माझ्याकडं बघून हसला. "मतदारसंघाला नाव कोणाचं? दिंडोरीचं. मग गोंधळ कोणाचा?" सहाही विधानसभा मतदारसंघ पालथे घालून मी पुन्हा त्याच टपरीवर, त्याच बाकावर.

जो तो दुसऱ्याकडंच बोट का दाखवतो, यावर मानसशास्त्रात काही सापडतं का म्हणून पाहिलं, तर हेन्री ताजफेल सापडले. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांच्या कैदेत पडले. सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कोणीच उरलं नव्हतं. माणूस दुसऱ्या माणसाला 'तो त्यांच्यातला' कधी म्हणायला लागतो, हा प्रश्न या माणसाला ग्रंथालयात बसून पडलेला नव्हता. ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर त्यांनी प्रयोग केले आणि १९७० साली छापले. पडद्यावर ठिपके दाखवायचे, किती ते विचारायचं आणि मुलांना सांगायचं, तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मग पैसे वाटायला दिले. कोणाला देतोय ते माहीत नाही, नाव नाही, चेहरा नाही, फक्त गट ठाऊक. पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि मौज म्हणजे, पदरात थोडं कमी पडलं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा ते जास्त पाहिजे, याकडं त्यांचा ओढा होता.

ब्रिस्टलला जमतं ते दिंडोरीला का जमू नये? मी द्राक्षाचा एक घड टपरीच्या टेबलावर ठेवला. सांगा, मणी किती? शंभराच्या वर सांगणारे डावीकडं बसले, खाली सांगणारे उजवीकडं. चहा येईपर्यंत उजवीकडून शेरा आला, "वर सांगणाऱ्यांच्या बागेत थिनिंगच होत नसणार." डावीकडून जबाब, "आणि यांच्या हातात कात्री दिली की वेलीला नुसता देठ राहतो." मग मी भजी काढली. दोन्ही बाजूंना दोन-दोन प्लेट देऊ, की तुम्हाला एक आणि त्यांना काहीच नको? दोन्हीकडून एकमुखानं उत्तर आलं, "एक चालेल." दिंडोरीत दोन्ही बाजूंचं एकमत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मणी मात्र कोणी मोजले नाहीत. घड टपरीवाल्याच्या पोरानं खाऊन टाकला.

याला उतारा नाही असं नाही. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा वर्षांच्या बावीस पोरांचे दोन गट करून त्यांना एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणलं, आणि मग छावणीचं पाणीच बंद पाडलं. तहानलेली पोरं एकत्र येऊन बिघाड शोधायला लागली. आमच्याकडं एवढी छावणी बांधायची गरज पडली नाही, वाघाड धरण होतंच. धरण दिंडोरी तालुक्यात, कालव्याचा टेल निफाड तालुक्यात ओझरला. टेलला पाणी पोचायचं नाही. १९९०च्या दशकात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घ्यायला लावलं. पुढं कालव्याच्या तोंडाशी असलेल्या हेडवाल्यांच्याही संस्था झाल्या आणि लोक लांबून बघायला येऊ लागले. हेडवाले आणि टेलवाले एका सतरंजीवर बसले म्हणजे भांडण संपलं असं मात्र समजू नका. आता 'आम्ही मोजून घेणारे' आणि 'ते न मोजता घेणारे' असे नवे दोन गट सोयीनं करता येतात. सतरंजी मोठी झाली की कडाही लांबतात.

असो. माझा शोध चालू होता. परवा टपरीवर मी पुन्हा आकडा काढला, तसे सगळे निफाडकडं हात करायला लागले. कोपऱ्यात एक आबा बशीत चहा ओतून फुंकत बसले होते. म्हणाले, "मी तुतारीलाच दिलं होतं मत. भगरे सरांना."

"आबा, चित्रात माणूस होता का?"

टपरी गप्प झाली. शेजारचे दोघं बाकावर जरा सरकून बसले, आबांपासून लांब. आबांनी बशी खाली ठेवली, बराच वेळ आठवून पाहिलं.

"माणूस कशाला बघू? आपली तुतारी दिसली, दाबलं."