चाकुरात चांद्रयान

कॅलिफोर्नियात सॅन मटेओला २००६ साली ‘मेकर फेअर’ सुरू झाली. घरच्या घरी खटपट करून काहीबाही बनवणाऱ्यांची ही जत्रा. आत जायला तिकीट. आमच्या चाकुरात खटपट्यांची जत्रा गणपतीच्या मांडवात भरते आणि बघायला फुकट असते. वर्गणी मात्र आधीच वसूल झालेली असते.

२०२३ ला देखाव्याच्या विषयावरून भांडण झालं नाही. चांद्रयानाचा विक्रम लँडर २३ ऑगस्टला चंद्रावर उतरला होता आणि चतुर्थी होती १९ सप्टेंबरला. इस्रोला जे जमवायला वर्षं लागली, ते आम्हाला चार आठवड्यांत आणि पुठ्ठ्यात जमवायचं होतं. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी, म्हणून चंद्र गोणपाटाचा केला. वर चुना आणि राख. खड्डे मुद्दाम पाडावे लागले नाहीत. पोरं त्याच्यावर बसून चहा पीत होती.

गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याला सोनेरी कागद लावला की लँडर तयार. खरा प्रश्न मोटारीचा. हलत्या देखाव्याला जीपची वायपर मोटारच लागते. बारा व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर, त्यामुळं फिरते सावकाश पण ओढते दणकून. कंसाची मान असो की हनुमंताची गदा, आमच्याकडची सगळी पुराणं याच मोटारीवर चालतात. एका जीपवाल्याकडं मागितली. त्या साली देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेलेला. तो म्हणाला, “न्या की. पाणी कुठं पडायलंय?”

मोटारीला पट्टी, पट्टीला सुतळी, सुतळीला विक्रम. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. विक्रम डुलत डुलत उतरला, टाळ्या पडल्या, आणि मोटार काही थांबेना म्हणून तो तसाच डुलत वर गेला.

“का म्हून वर जायलंय ते?” अध्यक्ष ओरडले.

आमच्या मांडवात बघे नसतात, सगळे सल्लागार. मोटार रिवायंडिंगवाला म्हणाला, मधे स्विच टाका. साउंडवाला म्हणाला, आवाज वाढवा, कुणाच्या ध्यानात येत नाही. एका आजोबांनी लिंबू-मिरची सुचवली.

शेवटी अकरावीतल्या एका पोरीनं मोबाइल पुढं केला. इस्रोनं ३ सप्टेंबरला विक्रमची इंजिनं पुन्हा पेटवून त्याला साधारण ४० सेंटिमीटर वर उचललं होतं आणि थोडं बाजूला परत उतरवलं होतं. अध्यक्षांनी बातमी दोनदा वाचली.

“मग? मी काय म्हणत होतो?”

रात्रीतून फलक लागला: ‘विक्रमची ऐतिहासिक उडी’. इस्रोनं एकदाच मारली होती, आमचा विक्रम मिनिटाला कितीतरी मारायचा.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायच्या संध्याकाळी नेमकी जोराची सर आली. पाठोपाठ भिजलेला जीपवाला. लातूरचं भाडं होतं, काचेतून काही दिसत नव्हतं. आरतीपर्यंत थांबा म्हटलं तरी ऐकेना. मोटार उचकटून घेऊन गेला. मग दोन पोरं चंद्रामागं दडून सुतळी हातानं ओढत बसली. त्यातल्या एकाला शिंक आली तेव्हा विक्रम तिरपा होऊन आदळला, धूळ उडाली.

परीक्षकांनी वहीत लिहिलं, “लँडिंग अत्यंत वास्तववादी.”