ग्लास कॉकपिट : नवशिक्यांसाठी सोपे गाईड (स्वाध्यायासह)

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विमान उडवायला शिकणाऱ्या, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेल्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी हे गाईड आहे. कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले जास्तीत जास्त तास खिडकीबाहेर न बघता कसे काढावेत, याचे पद्धतशीर मार्गदर्शन येथे केले आहे. उदाहरणासाठी गार्मिन जी-१००० बसवलेले सेसना १७२ घेतले आहे. इतर विमानांत बटणांच्या जागा बदलतील, विद्यार्थी बदलणार नाही.

धडा १ : ओळख

समोर १०.४ इंचांचे दोन पडदे असतात. डावा पीएफडी. त्यावर वेग, उंची, दिशा आणि विमान किती कलले आहे ते दिसते. उजवा एमएफडी. त्यावर नकाशा आणि इंजिनाची तब्येत. दोहोंच्या मधल्या ऑडिओ पॅनेलवर एक लाल बटण आहे. त्याकडे तूर्त दुर्लक्ष करावे, सगळे करतात.

जुन्या विमानांत याच माहितीसाठी सहा गोल डायल असत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात जायरो गरगरत असे. आता ते काम सूक्ष्म सेन्सरांचा एक डबा आणि पंखात बसवलेला मॅग्नेटोमीटर करतात. आत काहीच फिरत नाही. फिरते ते फक्त विद्यार्थ्याचे डोके.

धडा २ : सुरू करणे

मास्टर स्विच लावताच पीएफडीवर मोठमोठ्या लाल फुल्या उमटतात. हा तुमचा निकाल नव्हे. सेन्सरांकडून अजून माहिती आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. थोड्या वेळात यंत्रणा स्थिरावते आणि फुल्या जातात. उडताना फुली आली तर मात्र त्या आकड्याचा नाद सोडायचा. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा फुली मारावी, हा या यंत्राचा मोठा गुण आहे. परीक्षेत आपल्याला तो कधी जमला नाही.

एव्हियॉनिक्स स्विच लावला की एमएफडी उजळतो, डेटाबेसच्या तारखा दाखवतो आणि ‘वाचले असल्यास एंटर दाबा’ अशा अर्थाची सूचना देतो. नेव्हिगेशनचा डेटाबेस दर २८ दिवसांनी जुना होतो. आपण न वाचता एंटर दाबावे. अगदीच राहवले नाही तर तारीख वाचावी.

धडा ३ : नॉब

एफएमएस नावाच्या नॉबमध्ये दोन नॉब असतात, एक मोठा आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा. नुसता फिरवला तर पाने बदलतात. दाबून फिरवला तर कर्सर हलतो. आपण दाबला आहे की नाही, हे नेहमी फिरवल्यानंतर कळते.

नागपूरला जायचे असेल तर व्ही, ए, एन, पी ही अक्षरे एकेक करून फिरवत आणावीत. या काळात विमान वर चढते, खाली येते किंवा डावीकडे झुकते. विद्यार्थी मान खाली घालून ‘एन’ शोधत असतो. शेजारच्या सीटवरून ‘बेटा, विमान कोण उडवतंय?’ असा प्रश्न आला तर ‘मी, सर’ म्हणावे. खरे उत्तर त्यांना ठाऊक असते.

उपाय साधा आहे. अक्षरे जमिनीवर, बाहेरून वीज जोडून, इंजिन बंद असताना फिरवावीत. हवेत एका वेळी एकच गोष्ट करावी आणि प्रत्येक अक्षरानंतर मान वर करावी. या उपायाने गोंधळ उरत नाही, म्हणून तो फारसा लोकप्रिय नाही.

धडा ४ : आकड्यांचा पाठलाग

डावीकडे वेगाची पट्टी आणि उजवीकडे उंचीची. पट्टीलगत एक जांभळट गुलाबी रेघ वाढते किंवा आखडते. हीच गती राहिली तर ६ सेकंदांनी आकडा कुठे असेल, ते ती सांगते. ज्याला ही रेघ वाचता आली त्याचे अर्धे काम झाले. म्हणून नवशिक्याने ती न पाहता आकड्याच्या मागे धावावे.

उंची ३,००० फूट हवी. पडदा २,९८० दाखवतो. नाक वर करावे. ३,०४० झाले की खाली दाबावे. मग २,९३०. गोल डायलवर वीस फुटांसाठी काटा जेमतेम हलला असता आणि विद्यार्थी सुखात राहिला असता. इथे प्रत्येक फुटाचा हिशेब लागतो आणि बँकेच्या हप्त्यासारखी झोप उडते. खरी रीत अशी : नाक क्षितिजापाशी ठेवा, पॉवर लावा, ट्रिम करा आणि हात सैल सोडा. क्षितिज पडद्यावर आहे आणि काचेबाहेरही आहे. बाहेरचे बरेच रुंद आहे.

वरच्या त्रिकोणाखाली एक छोटी आडवी पट्टी असते. ती बाजूला सरकली म्हणजे विमान घसरत वळते आहे. ती कोणालाच दिसत नाही. ‘राइट रडर!’ हे शब्द ऐकू येणे हीच तिची ओळख.

धडा ५ : रंगसंगती

मॅजेंटा सुई म्हणजे जीपीएस, हिरवी म्हणजे व्हीओआर किंवा लोकलायझर, अर्थात जमिनीवरचे रेडिओ. सीडीआय लिहिलेले बटण दाबले की स्रोत बदलतो. व्हीओआरची फ्रिक्वेन्सी अचूक लावून मॅजेंटा सुईमागे मनोभावे जाणे, हा या धड्यातला आवडता प्रयोग. १९९७ च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी आपल्या वैमानिकांपुढे ‘मॅजेंटा रेषेची लेकरे’ या विषयावर व्याख्यान दिले होते. मोठ्या जेटचे अनुभवी वैमानिकही या रेषेमागे जाताना उडवायचे विसरतात, हे त्यांचे सांगणे. तेव्हा नवशिक्याने खजील होऊ नये. आपण मोठ्यांच्या पंगतीला आहोत.

धडा ६ : यंत्राचा भाबडेपणा

हा धडा परीक्षेला हमखास येतो, आयुष्यातही येतो.

पडद्यावरच्या इंधनाच्या हिशेबाचे पान उघडा. एक बटण दाबले की ५३ गॅलन भरल्याची नोंद होते. पंप लागत नाही, पैसे लागत नाहीत. मग यंत्र इंजिन किती पिते ते मोजून वजा करत राहते, उरलेले दशांशात सांगते आणि त्यावर किती लांब जाता येईल तेही काढून देते. टाकीत काय आहे ते मात्र डिपस्टिकला ठाऊक. म्हणून शिडीवर चढून टाकीत काठी घालावी. त्यात कपड्यांना वास लागतो, पण तो वास हा पुरावा असतो.

उंचीचेही तेच. पावसाळ्यात टॉवरने क्यूएनएच, म्हणजे उंचीसाठी लावायचा हवेचा दाब, १००३ दिला आणि तुमच्या पडद्यावर १०१३ राहिला, तर पडदा सुमारे पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवेल. अंक ठळक, फुली नाही, दिवा नाही. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर कव्हर नसले आणि कुंभारमाशीने आत मातीचे घर बांधले, तर वेगाची पट्टी त्या घराचा अहवाल देईल. ट्रॅफिक दाखवणारी यंत्रणा बसवली असली, तरी धावपट्टीवर घिरट्या घालणाऱ्या घारीकडे ट्रान्सपाँडर नसतो.

पडदा खोटे बोलत नाही. तुम्ही सांगितलेली चूक तो सुबक अक्षरांत तुम्हालाच परत दाखवतो, आणि सुबक अक्षरांवर आपला फार विश्वास असतो.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेली ८,३६४ हलकी विमाने त्यात होती. ग्लास कॉकपिटच्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जास्त. या विमानांचे प्रवास लांबचे होते आणि वाईट हवामानातलेही होते, हे खरे. तरी पडदे बसवून सुरक्षितता वाढल्याचे दिसले नाही, आणि या यंत्रणांचे वेगळे प्रशिक्षण हवे, असे मंडळाने सांगितले. पडदा नवा आला, सवय मात्र जुनीच राहिली.

धडा ७ : काळोख

एखाद्या दिवशी सर न सांगता एका पडद्याची चमक शून्यावर नेतात. आता धडा १ मधले लाल बटण आठवावे. ते दाबले की उरलेल्या पडद्यावर वेग, उंची आणि इंजिन अशी सगळी महत्त्वाची मंडळी दाटीवाटीने येऊन बसतात. दोन्ही पडदे गेले तर खाली वेग, कल आणि उंचीची तीन छोटी गोल यंत्रे आहेत, आणि वर होकायंत्र. ती तिथे शोभेला लावली आहेत असे वाटत असेल, तर धडा पुन्हा वाचावा. अल्टरनेटर आणि मुख्य बॅटरी दोन्ही गेल्या तर स्टँडबाय बॅटरी डाव्या पडद्याला साधारण अर्धा तास जगवते. तेवढ्यात उतरावे. त्या वेळात फोटो काढू नयेत.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) पडद्यावर ५३ गॅलन दिसतात, कारण तसे ______ने सांगितले.
(आ) कॉम फ्रिक्वेन्सी बदलण्याचे बटण दोन सेकंद दाबून धरले की ______ लागते. (सूचना : १२१.५. हे उत्तर फुकट दिले आहे, कारण ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी गाईड उघडायला वेळ नसेल.)

प्र. २. जोड्या लावा.
‘अ’ गट : लाल फुली, मॅजेंटा सुई, घार.
‘ब’ गट : जीपीएस, खिडकी, माहिती नाही.

प्र. ३. कारणे द्या.
विद्यार्थ्याने क्यूएनएच बरोबर वाचून दाखवला, तरी उंची चुकली. (पाच ओळींत. ‘नॉब फिरवला होता, सर’ हे कारण धरले जाणार नाही.)

प्र. ४. प्रात्यक्षिक.
सरांना शेजारी बसवून दोन्ही पडद्यांची चमक घालवा आणि एक सर्किट पूर्ण करा. घाम आल्यास गुण कापले जाणार नाहीत.

(उत्तरे शेवटच्या पानावर शोधू नयेत. विमानात मागे फक्त सीट आणि सामान असते.)