जुने कपडे नकोत, गुरुजींचं मानधन द्या

दिवाळी आटोपली की चांदसैलीच्या घाटातून जुन्या कपड्यांची गाठोडी धडगावकडे चढू लागतात. कॉलर विरलेले शर्ट, चेन तुटलेल्या पँटी, आणि सातपुड्याच्या चढावर काडीचा उपयोग नसलेले उंच टाचांचे सँडल. पोरांना रांगेत उभं करायचं, हातात एकेक वही ठेवायची, बॅनर धरून फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. याला मदत म्हणू नका. घरातली अडगळ काढायची होती, ती काढली. गाडी गेल्यावर ते गाठोडं निवडत बसायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडतं आणि त्या दिवसाची शाळा बुडते.

अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातलं पावरा आदिवासी पोर घरात पावरी बोलतं. शाळेत त्याच्या कानावर मराठी पडते, पुस्तकही मराठी. नवीकोरी वही हातात आहे, पण तिच्यात काय लिहायचं ते त्याच्या बोलीत सांगणारं कुणी नाही. मग वर्षभरात ते पोर शेरडांमागे जातं आणि आपण म्हणतो, आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही. हे मला सहन होत नाही.

पश्चिम केनियात बुसिया नावाचा भाग आहे. 1990च्या दशकात एका डच संस्थेने तिथल्या खेड्यांतल्या शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली. अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला. सरासरी गुण वाढलेच नाहीत. जी मुलं आधीपासून पुढे होती, तेवढ्यांचाच फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. त्याच भागातल्या शाळांत पोटातल्या जंतांच्या गोळ्या दिल्या, तर गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. क्रेमर यांना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोळी स्वस्त होती, पण तिच्यासोबत फोटो चांगला येत नाही.

पोराच्या बोलीत शिकवणारं कुणी नसेल तर नुसत्या पुस्तकाचा उपयोग नाही, हे आपल्याकडे नर्मदाकाठच्या लोकांना कुणी मोजून दाखवण्याआधीच कळलं होतं. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं आली. तिथल्या कित्येक सरकारी शाळा कागदावर भरत होत्या. नर्मदा बचाओ आंदोलनातल्या गावांनी 1991-92च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या. गावातलाच शिकलेला तरुण गुरुजी झाला. पावरीत आणि भिलीत वाचायची पुस्तकं तयार झाली. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. पाणी चढत गेलं तशा शाळाही डोंगरात वर सरकल्या. धरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण या शाळा इतकी वर्षं चालल्या त्या लोकवर्गणीवर आणि देणग्यांवर, आणि तिथे शिकून गेलेली काही पोरं पुढे तिथेच गुरुजी झाली. देणगीचं चीज होणं म्हणतात ते हे.

बिलगावची गोष्टही सांगितलीच पाहिजे. याच धडगाव तालुक्यात 2003 साली धबधब्याच्या पाण्यावर सुमारे 15 किलोवॅटचं वीजघर उभं राहिलं. आराखडा केरळहून आलेल्या अभियंत्यांचा. अमेरिकेतल्या भारतीयांनी सुरू केलेल्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ने पाठबळ दिलं, आणि बांध घातला गावकऱ्यांनी श्रमदानाने. आश्रमशाळेत दिवे लागले, पाडे उजळले. बाहेरचा पैसा, बाहेरचं ज्ञान आणि गावाचा घाम एकत्र आला की काय होतं, ते तिथे दिसलं. 2006च्या पावसाळ्यात धरणाचं पाणी त्या वीजघरात शिरलं. ‘स्वदेस’ सिनेमातल्या गावाच्या विजेमागे बिलगावची प्रेरणा होती, असं सांगतात. सिनेमाचं चित्रीकरण झालं वाईजवळच्या मेणवलीत. आपण मेणवलीच्या घाटावर फोटो काढून येतो, बिलगाव कुठे आहे ते विचारतही नाही.

सरकारची जबाबदारी देणगीने फिटत नाही, हेही ठणकावून सांगतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं लिहिलेलं आहे. ‘शक्य तिथवर’ या दोन शब्दांच्या आडोशाला धडगावची कित्येक वर्षं गेली. पावरी येणारे शिक्षक इथे नेमा, ही मागणी सोडायची नाही.

पण तोवर ज्यांना द्यायचंय त्यांनी असं द्यावं : गाठोडं बांधण्याआधी शाळेला एक फोन करा आणि काय हवंय ते विचारा. बहुधा उत्तर येईल, गुरुजींचं मानधन, स्वयंपाकीणबाईंचा पगार, डाळ-तेल, गळकं छप्पर. तेच द्या. एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे द्या आणि दहा वर्षं द्या. पोराचा वाढदिवस आश्रमशाळेत केक कापून साजरा करू नका, त्या केकचे पैसे शाळेच्या खात्यात भरा. आणि धडगावला जरूर या. रिकाम्या हाताने या, वर्गात मागे बसा आणि पावरीतली बाराखडी ऐका.