कुंडीतल्या जास्वंदीचे आजारपण

जास्वंद हे भेंडीच्या कुळातले झुडूप. कापूस आणि अंबाडी हीदेखील त्याच भावकीतली. परभणी जिल्ह्यात या भावकीचा दबदबा मोठा. कापसावर घराचा हिशेब चालतो, अंबाडीची भाजी भाकरीशेजारी बसते आणि भेंडीला तर इथल्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाचा वाणच दिला. जास्वंदीच्या वाट्याला मात्र गच्चीवरची कुंडी येते.

कुंडीतली जास्वंद बहुधा मे महिन्यात मान टाकते आणि गणपतीपर्यंत तिने फुलावे, अशी घरच्यांची अपेक्षा असते. पहिले निदान जिन्यातच होते. ‘पाणी कमी पडायलंय बघा,’ असे खालच्या मजल्यावरचे सांगतात. ‘पाणी लई व्हायलंय,’ असे वरचे. गंमत म्हणजे दोघांचेही खरे असू शकते. शेतातली काळी माती कुंडीत भरली, की ती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि बुडाच्या भोकातून बाहेर येते. ते पाहून मालक समाधानाने खाली जातो. मधला मातीचा गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. कायमचा उपाय म्हणजे मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळणे. पण हा खटाटोप मृगाचा पाऊस झाल्यावर करावा. मे महिन्यात मुळे उघडी करणे म्हणजे आजाऱ्याला उन्हात उभे करणे.

दुसरा आजार पिवळेपणाचा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडते आहे असे समजावे. (भेंडीच्या हळद्या रोगात नेमके उलटे होते: आधी शिराच पिवळ्या पडतात.) काळ्या मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यात बोअरचे जड पाणी. कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर हा त्याचाच पुरावा. नेमक्या या अवस्थेत घरातले अनुभवी हात अंड्यांची टरफले कुटून घालतात. टरफले म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडे लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी धरून ठेवले, तर झाडाला तेच सर्वांत मानवते.

तिसरा आणि खरा चिवट शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्यावर आणि पानांच्या बेचक्यात कापसाच्या चिमटीएवढे पांढरे काही दिसते. ते कुठूनतरी उडून आलेले बोंडातले सरकीचे तंतू नव्हेत. या किडीच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या तिची राखण करतात, म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडावा. किडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. कुंडीखाली टाकले तर कीड पायऱ्या चढून परत येते. मग ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, फडक्यातून पिळून, किंचित साबणासह. ताक, राख, हिंग आणि तंबाखूचे पाणी एकाच दिवशी दिल्यास ढेकूण जगतो की मरतो हे सांगणे कठीण. झाड मात्र गोंधळते.

कळ्या गळणे हा निराळा आजार नसून बहुधा तापलेल्या स्लॅबचा परिणाम असतो. कुंडी विटांवर उचलावी आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी सरकवावी. खत या दिवसांत देऊच नये.

हे सारे फसल्यास कृषी विद्यापीठ आहेच. त्याची स्थापना १८ मे १९७२ची, म्हणजे वर्धापनदिन ऐन जास्वंदीच्या आजारपणात. बियाण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत कॅरीबॅगमध्ये एक सुकलेली फांदी घेऊन उभे राहायला धैर्य लागते.

बरी झालेली जास्वंद श्रावणात फुलू लागते आणि जिन्यातले सगळेच सल्लागार श्रेय घेतात. कुंडी कुंपणालगत असेल, तर फुले पहाटेच नाहीशी होतात. हा रोग नव्हे. फिरायला निघालेल्या भाविकांवर कोणतीही फवारणी लागू पडत नाही.